डॉक्टरबाईंचे तीन तराजू

डॉक्टरबाई तराजू मांडून बसल्या की आधी पंखा बंद व्हायचा, मग खिडक्या, आणि शेवटी समोर बसलेल्या माणसाचं तोंड. मे महिन्यातली दुपार असली तरी सवलत नव्हती. "श्वास घ्यायचा असेल तर दाराकडे तोंड करून घे," असं त्या मला बजावायच्या, आणि ते गमतीत नसायचं. मी घामाने भिजून दाराकडे बघत बसे, आणि त्या एका बारीक पितळी चमच्याने, तीळ सांडावेत तशी, बंदुकीची दारू पारड्यात सोडत असत.

त्यांच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी पहिल्याच महिन्यात आख्ख्या कॉलनीत सांगितलं होतं की दाताच्या बाई रविवारी दार लावून दारू मोजतात. बाईंनी खुलासा केला नाही. उलट म्हणाल्या, "बरं झालं. रविवारी दात दाखवायला येणारे कमी होतील."

बाई दंतवैद्य होत्या. नाशिक रोडला, रेल्वेलाइनीपासून हाकेच्या अंतरावर खाली दवाखाना आणि वर घर. यजमान लवकर गेले, मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली, आणि त्यानंतर, ज्या वयात बायका गुडघे धरून बसतात त्या वयात, बाईंनी रायफल हातात धरली. शहराबाहेर टेकडीच्या पायथ्याशी आमची रेंज आहे, तिथे माझी त्यांची ओळख झाली. मी माझ्या मुलीला नेमबाजी शिकवायला नेलं होतं. मुलगी आठवड्यात कंटाळली, मी राहिले. बाईंनी मला विचारलं, "काय करतेस?" मी सांगितलं, अंबडला एका कारखान्यात मापनयंत्रं तपासण्याच्या विभागात आहे. मायक्रोमीटर, वजनकाटे, गेज बरोबर दाखवतात की नाही ते आम्ही बघतो. बाईंनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "उद्यापासून माझ्या शेजारच्या पॉइंटवर उभी राहा."

मोठ्या बोअरच्या रायफलीचं काडतूस उडालं की पितळेची पुंगळी मागे उरते. ती टाकून द्यायची नसते. बुडाला ठिणगी देणारी नवी टोपी, मोजलेली दारू आणि नवी गोळी बसवली की काडतूस पुन्हा तयार. ज्यांना स्पर्धेत उतरायचं असतं ते हे काम स्वतः करतात, कारण दारू कमी-जास्त झाली की निशाणावरची भोकं वर-खाली पडतात. घरी काडतुसं भरायची परवानगी मिळवायला बाईंनी किती कचेऱ्यांचे उंबरे झिजवले हा त्यांच्या आवडीचा विषय होता. कारकुनाने एकदा विचारलं होतं, "मॅडम, तुम्हाला कोणाला मारायचंय?" बाई म्हणाल्या, "अजून ठरलेलं नाही. तुमची सही झाली की सांगते."

ही परवानगी काढताना त्यांच्याबरोबर उंबरे झिजवणारे दुसरे गृहस्थ म्हणजे अण्णा. गिरणाऱ्याच्या बाजूला त्यांची द्राक्षबाग. बारा बोअरची दुनळी घेऊन ते हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्यांवर नेम धरायचे. अक्कलदाढ काढायला म्हणून ते बाईंच्या खुर्चीत बसले होते, आणि तोंडात कापूस असतानाच त्यांनी बाईंना रेंजवर यायचं आमंत्रण दिलं होतं. तेव्हापासून दोघांचा रविवार एकत्र. सकाळी बाईंच्या टेबलावर एकाच तराजूवर दोघांनी काडतुसं भरायची, मग अण्णांच्या जीपमधून रेंजवर जायचं. कधी एकमेकांना अरे-तुरे केलं नाही, की कधी कौतुक केलं नाही. अण्णांचा नेम चांगला लागला तर बाई म्हणत, "तबकडी हळू होती." बाईंचा लागला तर अण्णा म्हणत, "वारा पडला होता, दुसरं काय बी नाय."

तो जुना तराजू दांडीचा होता. एका बाजूला पारडं, दुसऱ्या बाजूला खाचांवरून सरकणारं वजन, टोकाला काटा. हंगामाच्या तोंडावर अण्णा तो एका आठवड्यासाठी आपल्या घरी घेऊन गेले आणि परत आणून दिला. त्यानंतर बाईंना वाटायला लागलं की काटा ठरत नाही. शून्याच्या आसपास येतो आणि थरथरत राहतो. आधी त्या काही बोलल्या नाहीत. मग त्यांची निशाणं बिघडली. राज्य स्पर्धा जवळ आली होती. ज्येष्ठांच्या गटात बाईंचं नाव पक्कं होतं, आणि आपल्याला हे एकच पदक हवंय असं त्या उघड म्हणायच्या. एका रविवारी त्यांनी निशाणाचा कागद काढून आणला. भोकं वरपासून खालपर्यंत, कुणी शिडी काढावी तशी. सगळ्यांच्या देखत तो कागद अण्णांच्या समोर धरून त्या म्हणाल्या,

"तराजू पाडलात ना?"

अण्णा कागदाकडे बघत राहिले. मग त्यांची नजर बाईंच्याकडे गेली आणि जमिनीवर आली.

"आसंल," ते म्हणाले. "निसटला आसंल हातातून."

"असेल म्हणजे? पडला की नाही पडला?"

"पडला."

"आणि हे मला आज सांगताय?"

"नवा आणून देतो, बाई."

"नको. माझ्या वस्तूंना हात लावू नका म्हणजे झालं."

अण्णांनी दुनळी केसमध्ये ठेवली, केसला कुलूप लावलं आणि जीप सुरू केली. त्या दिवशी बाईंना घरी मी सोडलं. वाटेत त्या एवढंच म्हणाल्या, "पडला याचा राग नाही गं. लपवलं याचा आहे."

अण्णा त्यानंतर रविवारचे यायचे थांबले.

मग सुरू झाली नव्या तराजूची शोधाशोध. बाईंबरोबर तराजू घ्यायला जाणं म्हणजे मुलगी बघायला जाण्यापेक्षा अवघड काम होतं. आधी आम्ही सराफ बाजारात गेलो. बाईंनी दुकानदाराला पंखा बंद करायला लावला, गिऱ्हाइकांना गल्ल्यापासून दूर व्हायला सांगितलं, आणि खिशातली एक छोटी गोळी काढून काट्यावर ठेवली. ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली. दुकानदार म्हणाला, "ताई, हा अगदी बारीकातलं बारीक दाखवतो." बाई म्हणाल्या, "बारीक कुणीही दाखवेल. तेच पुन्हा दाखवतो का ते बघतेय मी." तराजूंच्या बाबतीत यापेक्षा शहाणपणाचं वाक्य मी आमच्या खात्यातसुद्धा ऐकलेलं नाही. तिथल्या काट्यांपैकी एकही त्यांना पसंत पडला नाही. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "सोन्याला चालेल. सोनं काही उडत नाही."

शेवटी एका ओळखीच्या नेमबाजाकडून त्यांनी दुसरा दांडीचा तराजू मिळवला, पहिल्यापेक्षा जड आणि देखणा. पंधरवड्यात त्याच्यावरही तोच शिक्का बसला. काटा ठरत नाही. मग तिसरा घेतला, आकडे दाखवणारा, काचेच्या पेटीतला. त्याचे आकडे म्हणे पळतात. मी तिन्ही तराजू अंबडला नेले. आमच्या दगडी ओट्यावर, प्रमाणित वजनं लावून तपासले. तिन्ही उत्तम होते. अण्णांनी पाडलेला तर सर्वांत उत्तम. त्याच्या सुरीवर, म्हणजे दांडी जिच्यावर तोलते त्या धारेवर, साधा ओरखडाही नव्हता.

मी तसं सांगितलं. बाई म्हणाल्या, "मग तुमचा ओटा खोटं बोलतोय."

"बाई, ओटा कसा खोटं बोलेल?"

"किंवा माझं घर हलतंय. मालगाड्या जातात ना."

हे पटण्यासारखं होतं. आम्ही टेबल मागच्या खोलीत हलवलं. पायांखाली रबर घातलं. स्पर्धेची तारीख तोवर येऊन ठेपली होती. आपल्या काडतुसांवर आपलाच भरवसा नाही म्हणून बाईंनी नाव मागे घेतलं. "पुढच्या वर्षी," त्या म्हणाल्या. त्याच सुमारास त्यांनी दवाखानाही कमी केला. कंबर दुखते, उभं राहवत नाही, असं कारण सांगितलं. मला ते खरं वाटलं. सगळ्यांनाच वाटलं. ज्या बाईंनी अर्ध्या नाशिक रोडच्या दाढा उपटल्या त्यांची कंबर दुखणारच.

अण्णांचं नाव घरात निघत नव्हतं. एकदा मी विषय काढला. बाई म्हणाल्या, "तू तपासलास, तराजू चांगला आहे म्हणतेस. आणि ते म्हणतात पडला. दोघांपैकी एक खोटं बोलतंय. मला दोघंही हवे आहात, म्हणून विचारू नकोस."

दिवाळी झाल्यावरचा एक रविवार होता. सकाळची वेळ. तिसऱ्या तराजूला कंटाळून बाईंनी पुन्हा पहिला, जुना, मांडला होता. पारड्यात दारू होती, काटा थरथरत होता, आणि बाई दात-ओठ खात बसल्या होत्या. तेवढ्यात बेल वाजली. इस्त्रीवाला आला होता. बाई उठून गेल्या, आणि दारात एका न सापडणाऱ्या ब्लाउजवरून त्यांची नि त्याची हुज्जत सुरू झाली. मी सहज तराजूकडे पाहिलं. काटा दोनदा डोलला आणि शून्यावर येऊन गप्प उभा राहिला. खाली मालगाडी चालली होती. काटा हलला नाही.

बाई परत आल्या, खुर्चीत बसल्या, आणि सवयीने डावा हात टेबलावर टेकवला. काटा थरथरायला लागला.

मला सगळं एका क्षणात दिसलं. हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट, जणू चिमटीत गोळी वळताहेत तशी हलत होती. अगदी बारीक. लक्ष देऊन पाहिल्याशिवाय कळलं नसतं. चमचा धरलेला उजवा हात मात्र स्थिर होता.

"बाई," मी म्हटलं, "डावा हात जरा मांडीवर घेता?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग हाताकडे. हात उचलला. काटा थांबला. हात टेकवला. काटा हलला. पुन्हा उचलला, पुन्हा टेकवला. पेशंटच्या एकेका दातावर ठोकून बघावं तसं त्या शांतपणे बघत होत्या. मग त्यांनी पारड्यातली दारू काळजीपूर्वक डब्यात परत ओतली, झाकण लावलं, आणि पंखा सुरू केला.

"पेशंट नेहमी चुकीच्या दाताकडे बोट दाखवतो," त्या म्हणाल्या. "मी तिसेक वर्षं हे हाताखालच्या शिकाऊ डॉक्टरांना शिकवलं."

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, अशक्तपणा असेल, साखर बघून घेऊ. त्या म्हणाल्या, "डॉक्टर मी आहे." आणि थोड्या वेळाने, "अण्णांनी हे का केलं असेल?"

मेंदूविकाराच्या डॉक्टरांनी कंपवात असल्याचं सांगितलं. आधी आला असतात तर बरं झालं असतं, एवढंच ते म्हणाले. बाईंनी दुसऱ्याच दिवशी मला गाडी काढायला लावली.

अण्णा बागेत होते. छाटणी होऊन गेली होती, नवी फूट आली होती, आणि ते मजुरांबरोबर फांद्या तारेवर बांधत होते. बाईंना बघून हात पुसत आले. खुर्च्या मागवल्या, पाणी मागवलं. बाई बसल्या नाहीत.

"तराजू पडला नव्हता ना, अण्णा?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"नाय."

"मग पडला का म्हणालात?"

"तुमचा हात बघितला होता मी, बाई. टेबलावर. दोन-तीन रविवार बघत होतो. माझ्या बापाचं असंच सुरू झालं होतं. आधी अंगठा. तुम्ही त्या कागदाचा दोष तराजूवर घातला. मला वाटलं, जातोय तराजूवर तर जाऊ द्या. तेवढंच बरं. लोकांपुढं मी काय सांगणार होतो, का तराजू नाय, तुमचा हात हाय?"

"लोकांपुढे नाही. माझ्यापुढे. नंतर. घरी येऊन."

"धाडस नाय झालं."

"बागेत शिरलेल्या रानडुकरांमागे अंधारात जाता आणि मला सांगायचं धाडस झालं नाही?"

"डुकराला काय, ते डुक्कर हाय," अण्णा म्हणाले. "तुम्हाला ती स्पर्धा लय पाहिजे होती. म्हटलं स्पर्धा होऊन जाऊ द्या, मग सांगू. तर तुम्ही नावच काढून घेतलं. मग कुठल्या तोंडाने येऊ?"

बाईंचा आवाज चढला नाही. तो चढला असता तर बरं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, "माणसाला दुखतंय ते सांगायचं असतं, अण्णा. नाहीतर मी एवढी वर्षं काय केलं? लोकांच्या दातांना गोंजारत बसले? तुम्ही माझं वर्ष घेतलंत. आणि मी तुम्हाला चारचौघांत चोर ठरवलं, ते वेगळंच."

"चुकलं माझं."

"माझंही."

दोघांचंही माफीचं बोलून झालं होतं, पण दोघांनाही हलकं वाटलेलं दिसलं नाही. अण्णांनी निघताना गाडीत पालेभाजी ठेवली. घरी जाताना बाई सगळी वाट खिडकीतून बाहेर बघत होत्या.

पुढच्या रविवारपासून अण्णा पुन्हा यायला लागले. आता ते एकटेच दारू मोजायचे, आणि बाई हात मांडीवर दुमडून, टेबलापासून लांब बसून त्यांच्या चुका काढायच्या. "सांडलंत." "पुन्हा मोजा." "द्राक्षं मोजताय का?" अण्णा निमूट पुन्हा मोजत. पूर्वी त्यांनी उलट काहीतरी ऐकवलं असतं. आता ते ऐकवत नसत, आणि ते ऐकवत नाहीत हे बाईंना कळत असे, आणि त्या आणखी चिडत. बाहेरून सगळं पहिल्यासारखं होतं, पण एकमेकांना टोचायचं सुख गेलं होतं.

हिवाळा संपता संपता अण्णांनी भरलेली काडतुसं घेऊन आम्ही रेंजवर गेलो. बाई आडव्या पडल्या, रायफल खांद्याला लावली. औषधांनी हात बराच ताब्यात आला होता, पण आता खांदा आणि मान आखडायला लागली होती. पहिली गोळी ठीक गेली. मग श्वास रोखताना त्यांची हनुवटी लाकडावर ठरेना. निशाणाचा कागद आणला तेव्हा भोकं कागदभर विखुरलेली होती, दोन तर कागदाच्या बाहेर. अण्णा म्हणाले, "वारा लय होता." वारा दाखवणारी कापडी पट्टी खांबाला चिकटून लोंबत होती.

बाईंनी कागदाची घडी केली. "गेल्या वर्षी मी बसत होते ना हो, अण्णा? पदकात?"

अण्णांनी या वेळी खरं सांगितलं. "बसत होता, बाई. पहिल्या तिघांत."

त्या नुसतं "हं" म्हणाल्या. वाकून एकेक पुंगळी उचलायला लागल्या. मी मदतीला गेले तर हाताने नको म्हणाल्या. सगळ्या उचलून झाल्यावर पिशवी अण्णांच्या हातात दिली. त्या महिन्यात रायफल परवानाधारक दुकानात जमा झाली, दवाखाना एका तरुण डॉक्टरला गेला, आणि बाई मुलीकडे पुण्याला गेल्या. तिन्ही तराजू त्यांनी रेंजला देऊन टाकले. सोडायला अण्णा आणि मी होतो. गाडीत बसताना त्यांनी मला सांगितलं, "यांना रविवारी रेंजवर ओढत ने. घरी बसले तर म्हातारे होतील."

मी नेत राहिले. पण अण्णांनी दुनळी पुन्हा फारशी चालवली नाही. सावलीत बसायचे, पोरांच्या तबकड्या बघायचे. एकदा मला म्हणाले, "ताई, खोटं बोलायला एक क्षण लागला. निस्तरायला मात्र वेळच मिळाला नाय."

पुण्याला आम्ही शेवटचं गेलो ते गेल्या वर्षी. बाई खिडकीजवळ खुर्चीत होत्या. अंग आक्रसलं होतं, चेहऱ्यावरची रेघ हलत नव्हती, पण डोळे तेच, आपला दात किडलाय हे हसल्याबरोबर ओळखणारे. त्यांचा आवाज मात्र पार बसला होता. या आजारात तो बसतो. ओठांशी कान नेला तरच शब्द लागत. आणि अण्णांचे कान, इतकी वर्षं दुनळीच्या शेजारी राहिल्यामुळे, जवळजवळ गेलेले. त्यांच्याशी ओरडूनच बोलावं लागे.

दोघं समोरासमोर बसले. अण्णा बागेचं, पावसाचं, नातवाचं सांगत होते, गरजेपेक्षा मोठ्याने. बाई ऐकत होत्या. मग त्या काही म्हणाल्या. अण्णा पुढे झुकले, कानामागे हात धरला, आणि असहायपणे माझ्याकडे बघितलं.

मी दोघांच्या मध्ये स्टूल ओढून बसले. बाईंच्या तोंडाशी कान नेला. त्या एकेक शब्द वेचून, मध्ये दम घेत बोलल्या.

"त्यांना सांग... तेव्हा सांगितलं असतंत... तरी मी मानलं नसतं. घराबाहेर काढलं असतं तुम्हाला. वर्ष तसंही जाणारच होतं."

मी अण्णांच्या कानाशी जाऊन ते मोठ्याने सांगितलं. इतक्या मोठ्याने की आतल्या खोलीतून बाईंची मुलगी काय झालं म्हणून बघायला आली.

अण्णांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. त्यांच्या तोंडावरून मला दिसत होतं की त्यांना शब्द न् शब्द ऐकू आलाय. तरीही ते माझ्याकडे वळले.

"काय म्हणल्या?" त्यांनी विचारलं. "परत सांगा ना, ताई."

मी परत सांगितलं.